मॉरिशसची दक्षिण-पश्चिम टॅक्सी सहल: क्रम बदलला तरच पैसे वसूल

मॉरिशसमध्ये जवळपास प्रत्येक हॉटेलातून ही दिवसभराची सहल मिळते. ठरलेला क्रम असा: क्युरपीप शहरातलं ज्वालामुखीचं विवर, जहाजांच्या प्रतिकृतींचं दुकान, गंगा तलाव हे हिंदूंचं तीर्थ, धबधबा आणि रंगीत मातीचं शामारेल आणि शेवटी उरलाच वेळ तर समुद्र. ठिकाणं उत्तम आहेत, पण क्रम चुकीचा. दुकानात तास-दीड तास जातो आणि शामारेलला भर गर्दीत पोचावं लागतं.

मुक्काम पश्चिम किनाऱ्यावर असेल, तर केस नोयाल गावाकडून वळणावळणाचा घाट चढून सकाळी उघडताच शामारेल गाठावं. (गाडी लागणाऱ्यांनी चढायच्या आधी गोळी घ्यावी.) आत आधी धबधबा लागतो, सुमारे 80 मीटरचा, पुढे सप्तरंगी माती. बसाल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा खडक, झिजून त्यातली सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली. कोकणातला जांभाही असाच बनतो. इथे मात्र माती मोकळी, गवताचं पातंही नाही, आणि उतारावर तांबडा, तपकिरी, जांभळा असे पट्टे वेगवेगळे दिसतात. मातीवर पाय ठेवायची परवानगी नाही, कुंपणाबाहेरून पाहायचं. आभाळ भरलेलं असेल तर रंग मळकट दिसतात, तेव्हा ऊन पडेपर्यंत थांबावं.

पुढे ब्लॅक रिव्हर घळींचा पॉइंट, मग गंगा तलाव. हे पाणी विवरातच साठलेलं. काठावर 33 मीटर उंचीची शिवमूर्ती. वर पठारावर हवा गार आणि पाऊस कधीही येतो, म्हणून विंडचीटर हवाच. प्रसाद पिशवीत ठेवा, माकडं हातातून ओढतात. क्युरपीपचं विवर आता झाडीनं भरलंय. ते वगळलं तरी चालेल.

तिथून बुआ शेरीच्या चहामळ्यांतून दक्षिणेला सुयाक गावाला उतरावं. तिथल्या ग्री-ग्री किनाऱ्यापुढे प्रवाळाची भिंत नाही, त्यामुळे लाटा थेट काळ्या कातळावर आदळतात. बघायला अप्रतिम, पोहायला जीवघेणं. पाण्यात अजिबात उतरू नका.

मग किनाऱ्याकिनाऱ्यानं ल मॉर्न. 556 मीटरचा हा बसाल्टचा डोंगर पळून आलेल्या गुलामांचा आसरा होता. 2008 पासून जागतिक वारसा. पायथ्याची वाळू मात्र पांढरी, प्रवाळाच्या चुऱ्याची. सार्वजनिक किनाऱ्यावर पोहावं, पण प्रवाळभिंतीतल्या खिंडीकडे जाऊ नये, तिथे ओढ जबरदस्त असते. समुद्री साळिंदराचे (सी अर्चिन) काटे टाळायला पाण्यात रबरी बूट घाला. काइटसर्फिंगची (पतंगाच्या ओढीनं फळीवरून पाण्यावर घसरण्याची) बाजू वाऱ्याची, लहान मुलांना तिकडे नेऊ नका.

भाडं माणशी नव्हे, पूर्ण गाडीचं ठरवा. शामारेलचं तिकीट वेगळं. ‘दुकान नको, सूर्यास्तापर्यंत ल मॉर्नला थांबणार’ हे आदल्या दिवशीच ड्रायव्हरला सांगा, नाहीतर परतीची घाई चार वाजताच सुरू होते.