आर-२२ एसी: गॅस भरायचा, गॅस बदलायचा, की एसीच बदलायचा?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या नात्यातले तीन आर-२२ एसी, म्हणजे थंडाव्यासाठी आर-२२ हा जुना गॅस वापरणारे, एकाच महिन्यात आजारी पडले. ठाण्यात आमच्या घरचा दीड टनी स्प्लिट, पुण्यात आईकडचा विंडो आणि सांगलीजवळ मेव्हण्याच्या मंगल कार्यालयातला साडेआठ टनी डक्टेबल (थंड हवा डक्टमधून हॉलभर पोचवणारा). तीन गावं, तीन मिस्त्री, पण तिघांच्या तोंडी वाक्य एकच: ‘हा गॅस आता बंद झालाय.’ त्यानंतर मीच खोलात शिरलो, आणि तिन्ही ठिकाणी वेगळा निर्णय घ्यावा लागला. ज्यांच्या भिंतीवर अजून असा जुना एसी आहे, त्यांच्यासाठी हा हिशेब मांडतोय.

आधी ‘बंद झालाय’ म्हणजे नेमकं काय ते बघू. आर-२२ मधला क्लोरीन ओझोनच्या थराला खातो, म्हणून १९८७च्या मॉन्ट्रियल कराराखाली तो टप्प्याटप्प्याने काढला जातोय. आपल्यासारख्या देशांना २०१३ मध्ये वापर गोठवायचा होता, मग २०१५ मध्ये १० टक्के, २०२० मध्ये ३५ टक्के, २०२५ मध्ये ६७.५ टक्के कपात आणि २०३० मध्ये जवळजवळ शून्य. त्यानंतर २०४० पर्यंत फक्त जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरता चिमूटभर साठा. भारतात २०२५च्या जानेवारीपासून आर-२२चे नवे एसी बनवणं बंद आहे. जुन्या एसीत तो भरायला मात्र बंदी नाही. गॅस मिळतो, फक्त दरवर्षी थोडा कमी आणि थोडा महाग. (अमेरिकेत असाल तर गोष्ट वेगळी. तिथे २०२० पासून नव्या आर-२२चं उत्पादन आणि आयात दोन्ही थांबलंय, त्यामुळे जुना साठा किंवा यंत्रांतून काढून शुद्ध केलेला गॅस एवढंच हाताशी आहे.)

म्हणजे ‘बंद झालाय’ हे अर्धसत्य आहे, आणि त्या अर्ध्या सत्यावर बरेच नवे एसी विकले जातात.

दुसरी गोष्ट, गॅस ‘संपत’ नाही. तो पेट्रोल नाही. बंद नळीत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळालाय. त्यामुळे ‘दरवर्षी थोडा टॉप-अप लागतोच’ म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावं. मीही दोन उन्हाळे असा टॉप-अप करून घेतला, तेव्हा हे कळलं नव्हतं.

पुण्याचा विंडो सगळ्यात सोपा निघाला. मिस्त्रीने जाळीही न उघडता ‘गॅस गेला’ म्हणून सांगितलं होतं. विंडो एसीत नळ्यांचे सगळे जोड कारखान्यातच ब्रेझिंग करून (धातू वितळवून झाळून) बंद केलेले असतात, नळीचं फुलवलेलं तोंड आवळणारे फ्लेअर नट नसतात, म्हणून गळती तुलनेने कमी. शिवाय बहुतेकांना गेज लावायला व्हॉल्व्हच नसतो. ‘गॅस चेक करतो’ म्हणून मिस्त्री नळीला भोक पाडणारा व्हॉल्व्ह लावतो आणि नसलेली गळती तिथेच सुरू होते. दुसऱ्या माणसाने आधी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर वायरीला लावला. कॉम्प्रेसर घुंऽऽ करायचा, काटा एकदम वर, आणि पाच-सात सेकंदांत ट्रिप. गॅस कमी असता तर उलट झालं असतं, कॉम्प्रेसर चालत राहिला असता आणि अ‍ॅम्पिअर नेहमीपेक्षा कमी दिसले असते. इथे कॉम्प्रेसरला सुरू व्हायला धक्का देणारा कॅपॅसिटर फुगला होता. चारशे रुपयांत काम झालं. आई म्हणाली, ‘त्या पहिल्याला नव्या एसीचे पंचेचाळीस हजार दिले असते की रे आपण.’

तो एसी बदलायचा नाही हे मी तेव्हाच ठरवलं, आणि कारण वापर. आईकडे एसी एप्रिल-मे मध्ये दुपारी तीन तास लागतो. चाळीस दिवस धरा, म्हणजे वर्षाला १२० तास. जुनं यंत्र कॉम्प्रेसर सलग चालून तासाला १.७ युनिट खात असेल तर २०० युनिट. नव्याने त्यातले ८० वाचवले, युनिट १२ रुपयांनी धरलं, तर वर्षाला हजारभर रुपये. एवढ्यासाठी कोण भिंत उकरून घेईल?

ठाण्याचं गणित बरोबर उलटं. तिथे रात्री आठ तास, वर्षाचे पाच महिने, म्हणजे १२०० तास. जुना दीड टनी चालू असताना तासाला साधारण १.८ युनिट घेतो. त्यातला ६० टक्के वेळ कॉम्प्रेसर चालू धरला तर १३०० युनिट. नव्या पंचतारांकित इन्व्हर्टरच्या लेबलवर वर्षाचे युनिट १६०० तासांसाठी छापलेले असतात, दीड टनीला ते ८००च्या आसपास दिसतात. म्हणजे १२०० तासांना ६००. फरक ७०० युनिटांचा, वर्षाला ८,४०० रुपये. एसी, नवी नळी आणि बसवणावळ मिळून ४५ हजार धरले तर साडेपाच वर्षांत वसूल. त्यातच सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, हेही तराजूत टाका.

पण निव्वळ विजेसाठी मी चालता एसी काढला नसता. गळती कुठे आहे, यावर ठरलं. आमची इमारत खाडीला लागून, मागे नाला. नाल्यातून येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडने तांबं काळं पडतं आणि कुरतडलं जातं, खारी हवा वर मदतीला. नव्या मिस्त्रीने इनडोअरची कॉइल काढली, कोरडा नायट्रोजन दाबाने भरला आणि गच्चीवरच्या पाण्याच्या पिंपात बुडवली. मी बाजूला उभा होतो. एका कोपऱ्यातून बुडबुड्यांची बारीक सर आली, मग दुसरीकडून, मग मधल्या बेंडपाशी. ‘एक असतं तर झाळलं असतं,’ तो म्हणाला. कॉइल बदलून गॅस भरायचे ११ हजार सांगितले, आणि बाहेरची कॉइलही त्याच वयाची. तिथे निर्णय झाला.

गळती फ्लेअर नटला किंवा सर्व्हिस व्हॉल्व्हला असती तर? तर नळीचं तोंड नव्याने फुलवून, पंपाने आतली हवा ओढून (व्हॅक्यूम करून), पुन्हा आर-२२च भरला असता आणि दोन-तीन वर्षं निर्धास्त झोपलो असतो. स्प्लिटमधल्या बऱ्याच गळत्या तिथेच असतात, साबणाच्या पाण्याने सापडतात. एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: दाब देताना सिलिंडर नायट्रोजनचाच हवा. वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजन ‘तोच आहे हो, हवाच ती’ म्हणून कुणी जोडला, तर कॉम्प्रेसरमधलं तेल आणि दाबातला ऑक्सिजन मिळून स्फोट होतो. माणसं गेली आहेत यात.

आता तिसरा पर्याय, ज्याबद्दल सगळ्यात जास्त थापा ऐकल्या: यंत्र तेच, गॅस दुसरा. बाजारात जे गॅस सुचवले जातात ते शेजारी ठेवून बघा.

| गॅस | आर-२२च्या तुलनेत दाब | तेल | पेटतो का | तापमानवाढीची ताकद (कार्बन डायऑक्साइड = १) |
|---|---|---|---|---|
| आर-२२ | – | मिनरल | नाही | १८१० |
| आर-४०७सी | जवळपास तेवढाच | पीओई (कृत्रिम तेल) | नाही | १७७४ |
| आर-४१०ए | दीडपटीहून जास्त | पीओई | नाही | २०८८ |
| आर-३२ | ४१०ए पेक्षा किंचित जास्त | पीओईसारखं कृत्रिम | सौम्य | ६७५ |
| आर-२९० | थोडा कमी | मिनरल चालतं | सहज | ३ |

आर-४१०ए आणि आर-३२ जुन्या यंत्रात भरायचे नाहीत, विषय संपला. तो दाब सोसायला ना कॉम्प्रेसर बनलाय ना कॉइल. ‘थोडा कमी भरतो साहेब’ हे त्यावरचं उत्तर नव्हे.

खरा मोह आर-२९०चा, म्हणजे प्रोपेनचा. दाब जुळतो, जुनं तेल चालतं, वजनाने आर-२२च्या निम्म्याहून कमी लागतो, थंडावाही झकास. कागदावर याच्यासारखा दुसरा नाही. ओझोनला धक्का नाही, तापमानवाढ नाममात्र. आणि तो काही परग्रहावरचा नाही: गोदरेजने शिरवळच्या कारखान्यातून २०१२च्या सुमारास आर-२९०चे स्प्लिट एसी बाजारात आणले. पण ते एसी प्रोपेनसाठीच आखलेले होते. गॅस किती असावा, खोली किती मोठी हवी, ठिणगी पडू शकेल असा रिले कुठे ठेवायचा, हे सगळं आधी ठरवून. तुमच्या २०११च्या आर-२२ एसीत ते काहीच नाही. त्यात इनडोअर युनिट पलंगाच्या डोक्यावर, दारंखिडक्या बंद, आणि ज्या यंत्रात गॅस भरतोय ते मुळात गळकं म्हणूनच आपल्या हाती आलेलं! प्रोपेनवर चालणारे गॅस ‘२२ए’ अशा फसव्या नावाने आर-२२चा पर्याय म्हणून विकले गेले, आणि अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ते जुन्या एसीत भरू नका असा जाहीर इशारा दिला होता. घरातल्या स्प्लिटसाठी माझं मत ठाम आहे: नको.

उरला आर-४०७सी. तो पेटत नाही, दाब जुळतो. पण तो तीन गॅसांचं मिश्रण आहे, आणि ते तिन्ही एकाच तापमानाला उकळत नाहीत. म्हणून तो सिलिंडर उलटा धरून द्रवरूपातच भरावा लागतो. गळती झाली की हलका भाग आधी जातो, मग वरून टॉप-अप करून चालत नाही, सगळा काढून नव्याने भरावा लागतो. त्याला जुनं मिनरल तेलही चालत नाही. ते काढून पीओई घालायचं, यंत्र चालवायचं, पुन्हा काढायचं, असं दोन-तीनदा, आणि ओल, कचरा धरणारा फिल्टर ड्रायर बदलायचा. दीड टनीच्या सीलबंद कॉम्प्रेसरमधून तेल काढायचं तर कॉम्प्रेसरच सोडवून उलटा करावा लागतो. एवढ्या मजुरीत कॉइल येते. त्यामुळे घरगुती एसीत ‘४०७ टाकून देतो’ म्हणणारा तेल बदलतोय का, एवढंच विचारा. बहुधा नसतो.

मोठ्या यंत्रात मात्र हा पर्याय विचारात घेण्याजोगा आहे, आणि सांगलीत आम्ही तो विचारात घेतला. कार्यालयात अशी चार यंत्रं. एकाची गळती सापडून बुजली होती, पण त्यात भरायला सहा किलोंहून जास्त गॅस हवा होता. मेव्हण्याचं म्हणणं, लग्नाच्या तारखा वर्षात पन्नाससाठ, विजेचा फरक त्यात कुठे निघतो, चारही ४०७सीवर नेऊ. आकड्यात तो चुकत नव्हता. पण चारही यंत्रांचं तेल बदलायचं, गॅसचा प्रवाह आवरणारे एक्स्पान्शन व्हॉल्व्ह पुन्हा जुळवायचे, शिवाय थंडावा थोडा उतरणार, आणि मे महिन्यात सहाशे पाहुण्यांचा हॉल. तिथल्या जुन्या मेकॅनिककाकांनी वेगळीच वाट काढली. चारातलं सगळ्यात म्हातारं पण चालू असलेलं यंत्र निवृत्त करायचं, त्यातला स्वच्छ आर-२२ रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये ओढून घ्यायचा आणि तोच आजारी यंत्राला द्यायचा. निवृत्ताच्या जागी नवं. पुढच्या वर्षी गरज पडली तर दुसरं तसंच. अट एकच, कॉम्प्रेसर जळालेल्या यंत्रातला गॅस घ्यायचा नाही, त्यात आम्ल तयार झालेलं असतं आणि ते दुसरं यंत्रही खातं. चारांपैकी ४०७सी कुठेच भरला नाही, तो हातचा राखून ठेवलाय.

कुठलाही मार्ग घेतलात तरी मिस्त्री आल्यावर बघण्याच्या गोष्टी थोड्याच. व्हॅक्यूम पंप आणलाय का? नुसता गॅस सोडून नळीतली हवा ‘हाकलणं’ म्हणजे व्हॅक्यूम नव्हे, पंप किमान वीस-पंचवीस मिनिटं चालला पाहिजे. गॅस वजनकाट्यावर मोजतोय का? किती भरायचा ते यंत्राच्या पाटीवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. सिलिंडर सीलबंद आणि नावाचा आहे का? रंगावर विसंबू नका. भेसळीच्या गॅसने काय होतं ते २०११ मध्ये दिसलं. तेव्हा व्हिएतनाममध्ये दुरुस्त झालेल्या शीत कंटेनरांत बनावट आर-१३४ए भरला होता, आणि त्यांचे कॉम्प्रेसर फुटून माणसं दगावली. आणि नवा आर-३२ एसी घेतलात तर जुनी तांब्याची नळी वाचवण्याचा लोभ सोडा. तिच्यात जुनं मिनरल तेल चिकटलेलं असतं, जाडीही बहुधा कमी असते.

आमचा ठाण्याचा एसी न्यायला भंगारवाला आला तेव्हा त्याच्या हातात हॅकसॉ होती. नळी कापायची, फुस्स, आणि उचलायचं, अशी त्याची रीत. त्याला थांबवून मिस्त्रीला बोलावलं. गळक्या कॉइलमुळे फार काही उरलं नसेल असं वाटत होतं, तरी त्याने जे होतं ते ओढून घेतलं आणि काट्यावर ठेवलं. ४२० ग्रॅम. ‘कार्बनमध्ये हे पाऊण टन होतं,’ मी म्हणालो. तो म्हणाला, ‘मला तर अर्ध्या एसीचं काम दिसतंय, साहेब.’