फर्स्ट-इयर सेमिनार: पंधरा जण, एक टेबल, लपायला जागा नाही

अमेरिकेतल्या एका छोट्या लिबरल आर्ट्स (एकाच शाखेत न अडकता सगळे विषय शिकवणाऱ्या) कॉलेजात माझं पहिलं वर्ष मे महिन्यात संपलं. तिथल्या सक्तीच्या फर्स्ट-इयर सेमिनारला (पहिल्या वर्षाच्या मुलांचा, एकेका विषयावरचा, चर्चेवर चालणारा छोटा वर्ग) मी पाचपैकी चार देते आणि हॉस्टेलच्या ‘कम्युनिटी’ला जेमतेम तीन. दोन्ही एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की वेगवेगळे मार्क देणं तसं चुकीचंच, पण दिलेत.

विषयांची यादी उन्हाळ्यातच आली होती. मला मेंदूविज्ञान हवं होतं, मिळाले नकाशे. माझा पाचवा पसंतीक्रम. पहिल्या दिवशी प्राध्यापिकेने भिंतीवर अल-इद्रिसीच्या 1154 सालच्या नकाशाची प्रत लावली होती. त्यात दक्षिण वर असते. उलटा लागलाय असं वाटून एक मुलगा उठला आणि त्याने तो ‘सरळ’ केला. बाईंनी करू दिला. मग अरबी वाचता येणारी एक मुलगी म्हणाली, आता अक्षरं उलटी झाली. पुढचा तास कसा गेला ते कळलंच नाही. पंधरा जणांच्या वर्गात हे जमतं. दोनशेच्या हॉलमध्ये तो मुलगा उठलाच नसता.

पण याच पंधरामुळे माझे पहिले तीन आठवडे वाईट गेले. ग्रेडचा पाव हिस्सा चर्चेतल्या सहभागाचा. मी वाचून यायची, खुणा करून यायची, आणि बोलायची वेळ आली की मनात वाक्य जुळवत बसायची. ते जुळेपर्यंत विषय मर्केटरच्या 1569 च्या नकाशावरून आफ्रिकेवर गेलेला असायचा. (आफ्रिका ग्रीनलंडच्या जवळजवळ चौदा पट मोठी आहे. मर्केटरच्या पद्धतीने काढलेल्या आजच्या नकाशांवर दोन्ही साधारण सारखीच दिसतात.) शेवटी ऑफिस अवर्समध्ये (प्राध्यापकांना भेटायच्या ठरलेल्या वेळेत) जाऊन सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, पूर्ण वाक्य नको, अर्धं आण. आधी मेलमध्ये मी त्यांना ‘रिस्पेक्टेड मॅडम’ लिहायची. उत्तराखाली फक्त त्यांचं पहिलं नाव असायचं. नावाने हाक मारायला मला डिसेंबर उजाडला.

लिहिण्याच्या बाबतीत मात्र या सेमिनारला पूर्ण मार्क. पहिला निबंध मी भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणावर लिहिला: 1802 मध्ये लँबटनची सुरुवात, एव्हरेस्ट शिखराची उंची काढणारी राधानाथ सिकदारांची आकडेमोड, सगळं ओळीने. समासात पेन्सिलीने एवढंच होतं: ‘तुझं म्हणणं काय?’ राग आला. आपल्याकडे एवढ्या माहितीला चांगले मार्क पडले असते. चौथ्या खर्ड्यात म्हणणं सापडलं. या सर्वेक्षणाचे प्रमुख राहिलेले एव्हरेस्ट साहेब 1843 मध्येच निवृत्त झाले होते, आपलं नाव शिखराला द्यायला त्यांचा स्वतःचाच विरोध होता, तरी 1865 मध्ये तेच नाव ठरलं. मोजणारा एक, नाव तिसऱ्याचंच. मग नकाशावरची सही कुणाची म्हणायची?

आता कम्युनिटी. आमच्याकडे एका सेमिनारची मुलं एकाच मजल्यावर ठेवतात. कल्पना सुरेख आहे, रात्री एक वाजता कॉरिडॉरमध्ये बसून केलेले वाद मी विसरणार नाही. पण पीअर रिव्ह्यूमध्ये (एकमेकांचे खर्डे तपासताना) मी एकीच्या खर्ड्यावर जरा तिखट लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना ती शेजारच्याच बेसिनवर. चार दिवस अबोला. भांडण घेऊन जायला दुसरी जागाच नसते. रूममेट अ‍ॅग्रीमेंटमध्ये दिवे कधी घालवायचे ते लिहून घेतात, याचं काय करायचं ते कुठेच नसतं.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मेस बंद राहणार, ही मेल जेमतेम आठवडाभर आधी आली. घरी जाऊ न शकणारे आम्ही परदेशी विद्यार्थी तेवढे उरलो. मजल्याची आरए (मजला सांभाळणारी सीनियर विद्यार्थिनी) सुद्धा गेली होती. भिंतीवर ‘यू बिलाँग हिअर’चं पोस्टर होतंच.

अर्ज करणाऱ्यांनी सेमिनारच्या विषयापेक्षा एक गोष्ट विचारून घ्यावी: शिकवणारी व्यक्तीच तुमची सल्लागार असते का? ग्रिनेल कॉलेजात असते. पहिल्या सत्राचं ट्युटोरियल हा तिथला एकमेव सक्तीचा कोर्स, आणि मेजर (मुख्य विषय) ठरेपर्यंत तोच शिक्षक सल्ला देतो. अ‍ॅमहर्स्ट कॉलेजातही मेजर सोडला तर सक्तीचा फक्त हा सेमिनारच. अख्खं कॉलेजच सेमिनारसारखं हवं असेल तर सेंट जॉन्स कॉलेज आहे, तिथे 1937 पासून तसंच चालतं. पण ते माझ्या झेपण्यापलीकडचं.

आमच्याकडेही बाईच सल्लागार होत्या. माझी अडखळती अर्धी वाक्यं त्यांनी ऐकली होती, त्यामुळे वसंत सत्रात स्टॅटिस्टिक्स घे की नको घेऊ हे त्यांना माझ्याआधी कळायचं. पुढचं वर्ष त्या सबॅटिकलवर (अभ्यासरजेवर) आहेत. नव्या सल्लागाराचं नाव मला एका ऑटोमॅटिक मेलमधून कळलं. अजून भेट नाही, आणि त्या मेलला रिप्लाय करता येत नाही.