वजन बरोबर, शाबासकी चुकीची : स्मार्ट वजनकाटा आठ-नऊ महिने वापरल्यावर

वॉरंटीत बदलून मिळालेल्या काट्यावर पहिल्यांदा उभा राहिलो आणि त्यानं माझं वजन जुन्यापेक्षा सातशे ग्रॅम जास्त दाखवलं. ॲपवर लाल बाण आला, एक रडका चेहरा आला आणि खाली ‘खचू नका, पुन्हा प्रयत्न करा’ असा उपदेश. त्याच सकाळी मी पट्टा आतल्या भोकात लावून दुकानात आलो होतो. तेव्हाच ठरवलं की याच्यावर सविस्तर लिहायचं, कारण घेताना मला जे वाचायला मिळालं ते सगळं ‘उत्तम प्रॉडक्ट, पॅकिंग छान’ एवढंच होतं.

काटा कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही. वर काच, खाली चार पाय, ब्लूटूथ, १८० किलोपर्यंत वजन, तेरा प्रकारचे आकडे. दीड-दोन हजारांतला कुठलाही उचला, आत माल साधारण एकच. मी १,७९९ दिले. पोरगी पुण्याहून ऑर्डर करत होती, ‘पप्पा, पैशाचं बघू नका’ म्हणाली. पैसे माझ्याच खात्यातून जाणार होते, त्यामुळं मला बघावं लागलं.

साताऱ्यात आमचं किराणा दुकान आहे, वडिलांच्या वेळचं. दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी वैधमापनवाल्यांकडून पडताळणी करून शिक्का मारून घ्यावा लागतो, सर्टिफिकेट गिऱ्हाईकाला दिसेल असं लावावं लागतं. हयगय झाली तर दंड. घरात आलेल्या या काचेच्या पाटाला मात्र कोणी विचारत नाही. पाठीमागं बारीक अक्षरात ‘व्यापारासाठी नाही’ असं छापलं की कंपनी मोकळी.

म्हणून पहिल्याच दिवशी दुकानातली शिक्क्याची लोखंडी वजनं आणून त्यावर ठेवली. वीस किलोला २०.० आणि चाळीसला ४०.०५. मान्य. टाइल्सवर हा गडी प्रामाणिक आहे. मागच्या खोलीत जुनी शहाबादी फरशी आहे, उंचसखल. तिथं तीच चाळीस किलो सदतीस भरली. चारही पाय नीट टेकले नाहीत तर आतल्या सेन्सरवर भार वाटला जात नाही, तो यंत्राचा दोष नाही. जागा ठरवा, तिथंच ठेवा, हलवलात तर आधी पायानं दाबून शून्य येऊ द्या आणि मग चढा. इथवर मी खूश होतो.

मग चहाच्या पुड्यानं घात केला. वजन केलं, ९०.६. खाली उतरलो, पाव किलोचा चहाचा पुडा हातात घेऊन परत चढलो. ९०.६. पुडा ठेवून चढलो, ९०.६. अर्धा किलो साखर घेतली तेव्हा कुठं ९१.१ झाले. म्हणजे हा काटा आधीचं वजन लक्षात ठेवतो आणि नवं वजन त्याच्या जवळपास असलं तर सरळ जुनाच आकडा परत दाखवतो. लागोपाठ दोनदा उभं राहून दोन आकडे आले तर लोक ‘काटा खराब आहे’ म्हणून परत पाठवतील, त्यापेक्षा एकच दाखवलेला बरा, असा हिशेब असणार. अशी आठवण ठेवणारे घरगुती काटे बाजारात भरपूर आहेत. खोक्यावर मात्र ऐटीत ‘५० ग्रॅमची अचूकता’.

हे मला सहन होत नाही. आमच्याकडं काटा पाव किलो खाऊन बसला तर गिऱ्हाईक बाजारभर बोंब मारेल आणि ती रास्तच असेल. ‘अहो, पाव किलोचं काय एवढं धरून बसलाय?’ असं घरात विचारलं गेलं. पाव किलो चहाला आज किती पडतात हे विचारणारीला चांगलं माहीत आहे. उपाय मीच शोधला: आपण चढायच्या आधी गव्हाच्या पिठाची पाच किलोची पिशवी काट्यावर ठेवायची, आकडा येऊ द्यायचा, मग पिशवी काढून आपण उभं राहायचं. मधे दुसरं वजन आलं की जुनी आठवण पुसली जाते. ॲपमध्ये ते पाच किलो कोणाच्या नावावर चढवू असं विचारतं, तिथं ‘काढून टाका’ दाबा. रोज सकाळी पिठाची पिशवी घेऊन न्हाणीघराजवळ उभा असलेला माणूस घरच्यांना कसा दिसतो, तो भाग वेगळा.

बाकी बारा आकड्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांची लायकी तेवढीच आहे. काटा एका पायातून दुसऱ्या पायात बारीक विजेचा प्रवाह सोडतो, अडथळा किती आला ते मोजतो आणि त्यात तुमची उंची, वय, स्त्री-पुरुष हे घालून सूत्रानं चरबीचा अंदाज काढतो. प्रवाह मुख्यतः पायांतून आणि कमरेखालून जातो. पोटाचा नगारा, ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तो त्याला नीट दिसतच नाही. पाणी प्यालो की आकडा वेगळा, पाय ओले असले की वेगळा. सेटिंगमध्ये ‘ॲथलीट’ म्हणून एक बटण आहे. ते दाबलं आणि घामाचा एक थेंब न गाळता माझी चरबी ३१ वरून २५ टक्क्यांवर आली. ‘शरीराचं वय’ तर विचारूच नका. मी बावन्नचा, मला एकसष्ट दाखवलं. हसण्यावारी नेऊ नये अशी एकच गोष्ट: हृदयाला पेसमेकर बसवलेल्यांनी या प्रवाहाच्या काट्यावर उभं राहू नये, पोटुशी बाईनंही नको. माहितीपत्रकात ते असतं, पण माहितीपत्रक वाचतो कोण.

आता फुग्यांकडं येतो. वजन एक किलोनं उतरलं की ॲप पडदाभर रंगीत फुगे सोडतं. सुरुवातीला मलाही बरं वाटलं. पुण्याला फोटो पाठवला, तिकडून अंगठा आला. पण या काट्याची आठवण अशी, की पिशवी न ठेवता चढलं तर चार दिवस एकच आकडा आणि पाचव्या दिवशी एकदम अर्धा किलो कमी. फुगे सुटतात तेव्हा वजन त्या दिवशी उतरलेलं नसतंच. शिवाय पहिल्या काही दिवसांत जे धडाधड उतरतं त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं आणि त्याच्या एका ग्रॅममागं साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. भात-साखर कमी केली की साठा संपतो आणि पाणी निघून जातं. माझे सगळ्यात जास्त फुगे त्याच काळात सुटले.

चैत्रात गावच्या यात्रेला गेलो. मटणाचा रस्सा, भाकरी, दुसऱ्या दिवशी उरलेलं. परत आल्यावर १.४ किलो जास्त, लाल बाण, रडका चेहरा. मिठानं धरलेलं पाणी आणि पोटातलं अन्न, दुसरं काही नाही. दोन-तीन दिवसांत खाली आलं. पण त्याच आठवड्यात मी साताऱ्यातल्या ‘चार भिंती’ नावाच्या टेकडीची चढण न थांबता चढलो होतो. हिवाळ्यात याच चढणीवर निम्म्यात दगड बघून बसायचो आणि दमलोय हे लोकांना कळू नये म्हणून शहराकडं बघत राहायचो. आता बरोबरच्या माणसाशी बाजारभाव बोलत वर जातो. पुढं पावसाच्या आधी अजिंक्यताऱ्याच्या महादरवाजापर्यंत गेलो. औरंगजेबाच्या फौजेला १६९९-१७०० मध्ये हा किल्ला घ्यायला महिने लागले, मलाही लागले. त्या दिवशी ॲपवर काय? काही नाही. वजन तेवढंच होतं ना. आमच्याकडं यवतेश्वरच्या घाटात हाफ मॅरेथॉन धावणारी पोरं आहेत, त्यांच्यापुढं माझं चढणं म्हणजे काहीच नाही हे कबूल. पण फुगे नेमके कशाला सोडायचे, हे ठरवणारा पुण्या-बंगळुरातला तो कोण?

ऐन पावसाळ्यात काट्यानं मान टाकली. सेल नवे घातले तरी ‘लो’ हेच. कस्टमर केअरनं सिरीयल नंबरचा फोटो मागवला, मग बिलाचा, मग खोक्याचा, मग बंद पडलेल्या काट्यावर उभं राहून व्हिडिओ. शेवटी उत्तर आलं, काचेवर ओरखडा आहे, फिजिकल डॅमेज, वॉरंटी लागू नाही. ओरखडा लोखंडी वजनांचा होता का, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही आणि मीही काढला नाही. ओरखड्यानं काटा मरत नाही एवढं मला कळतं. सरकारी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आणि तिचा नंबर त्यांना मेल केला. सोबत लिहिलं, २०१९ च्या कायद्याप्रमाणं मला माझ्याच जिल्ह्यात, म्हणजे साताऱ्याच्या ग्राहक आयोगात दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंत त्याला फी नाही. फी नाही हे वाक्य मी ठळक केलं होतं. त्यानंतर ‘अपवाद म्हणून’ बदलून देतो असं आलं. काटा यायला वेळ लावलाच.

या मधल्या काळानं माझं मत बदललं. काटा नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, शिंप्याची टेप घ्या. वीस रुपये. मोजायची रीतही सांगितली: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, उघड्या अंगावर, श्वास साधा सोडल्यावर, पोट आत न ओढता. पॅन्टचा नंबर म्हणजे पोटाचा घेर नव्हे. आपण पॅन्ट पोटाखाली नेसतो. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि बाईला ८० ही रेघ धरतात. दुसरा सोपा हिशेब म्हणजे घेर उंचीच्या निम्म्याच्या आत हवा. माझी उंची १७०, म्हणजे ८५. सुरुवातीचा घेर दवाखान्याच्या कागदावर १०४ लिहिलेला होता. आता ९६ आहे. रेघ लांब आहे, पण यातले तीन सेंटिमीटर अशा दोन महिन्यांत गेले की ज्यांच्या आधी आणि नंतरही वजन ८५ च्या आसपासच होतं. काटा चालू असता तर त्या दोन महिन्यांत मला रोज रडका चेहराच बघावा लागला असता, आणि मी बहुतेक चालणं सोडून राजवाड्याच्या चौपाटीवर भेळ खात बसलो असतो.

टेपशिवायही बरंच दिसत होतं. पंधरा किलोचा तेलाचा डबा घेऊन माळ्याची शिडी चढलो की आधी गल्ल्यापाशी येऊन बसावं लागायचं, आता खाली येऊन पुढच्या गिऱ्हाइकाचं सामान बांधतो. बोटातली अंगठी साबण न लावता निघते. घोरणं कमी झालं अशी बातमी आहे, त्याला साक्षीदार एकच. आणि रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट: एचबीएवनसी ६.३ होतं, ५.८ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. मी अजून उंबरठ्यावरच आहे, फक्त बाहेरच्या बाजूला सरकलोय. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात म्हणून हा आकडा दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. एका रात्रीच्या श्रीखंडानं तो बिघडत नाही आणि तपासणीच्या आदल्या दिवशी उपास करून सुधारतही नाही. रोजचा गल्ला आणि तिमाहीचा ताळेबंद यांत जो फरक, तोच काट्यात आणि या रिपोर्टात. माझा विश्वास ताळेबंदावर.

नव्या काट्याचे ते सातशे ग्रॅम मी लोखंडी वजनं ठेवून तपासले. या वेळी खाली जुना टॉवेल... नाही, टॉवेल चालत नाही, मऊ पृष्ठभागावर आकडा चुकतो. पातळ पुठ्ठा फक्त वजनाखाली ठेवला. नवाच चढ दाखवतोय, चाळीसला ४०.३. कंपनीला कळवलं, त्यांनी ‘मर्यादेत आहे’ म्हटलं. सोडून दिलं. जुना आणि नवा आलेख जोडायचा नाही एवढंच.

एक तारा देणार होतो, तीन देतोय. एक म्हणजे फुगे आणि रडके चेहरे सेटिंगमध्ये बंद करता येतात, हे मला उशिरा सापडलं. दुसरं म्हणजे ॲपमधली आठवड्याची सरासरी खरोखर उपयोगाची आहे. मी आता तेवढीच बघतो. सुरुवातीचे ९१ आज ८४.५ आहेत, हे त्या सरासरीवरून सांगतोय. ॲपमधला बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा, हिरवा पट्टा मात्र २५ पर्यंत जातो. आपल्याकडचे डॉक्टर २३ च्या पुढं जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. त्यामुळं ॲपनं ‘उत्तम’ म्हटलं म्हणून पेढे वाटायला जाऊ नका, कंदी तर नकोच.

घ्यायचाच असेल तर ब्लूटूथ नसलेला साधा डिजिटल काटा सहा-सातशेत मिळतो, वजन तोही तेवढंच खरं सांगतो. चहाच्या पुड्याची परीक्षा मात्र दुकानातच घ्या. उरलेल्या हजारात टेप घ्या, चालायला बरे बूट घ्या.

खर्चाचं एक कोणी सांगत नाही ते सांगतो. पॅन्टा आवळून घ्यायला शिंपी नगाला ऐंशी रुपये मागतोय. रोजच्या दोन दिल्या. लग्नाकार्याची सफारी तेवढी ठेवलीय, दिवाळीचा फराळ होऊन जाऊ दे.