आय-ट्रिपल-ईची अध्यक्षीय निवडणूक: एका पडलेल्या उमेदवाराचा रिव्ह्यू

१७ वर्षं मी आय-ट्रिपल-ईची, म्हणजे इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरांच्या जागतिक संघटनेची, सदस्य आहे. राहते पुण्यात, काम सबस्टेशनमधल्या प्रोटेक्शन रिलेंचं, म्हणजे बिघाड ओळखून वीज तोडायला लावणाऱ्या उपकरणांचं. वर्गणीच्या बदल्यात जर्नल मिळतात, परिषदांना सवलत मिळते, त्याबद्दल सगळे बोलतात. दरवर्षी मिळणाऱ्या मतपत्रिकेबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. माझ्या मते वर्गणीतली ती सगळ्यात मोलाची गोष्ट आहे.

असं का वाटतं ते सांगते. तीन वर्षांपूर्वी इंजिनिअरांच्या एका स्थानिक संघटनेत मी अध्यक्षपदाला उभी राहिले होते. मतपत्रिका पोस्टाने जायच्या. मतदारयादी नुसती बघायला मिळावी म्हणून ऑफिसात चार चकरा मारल्या. समोरच्या पॅनलने हॉटेलात जेवण ठेवलं. मी रोज संध्याकाळी तासभर फोन करत होते. मोजणीच्या दिवशी टेबलाच्या कडेला परत आलेल्या पाकिटांचा गठ्ठा होता, रबरबँड लावलेला. सगळ्यात वरच्या पाकिटावर निळ्या शाईत 'घर बदलले'. ते माझ्या जुन्या सहकाऱ्याचं होतं. कोथरूड सोडून बावधनला गेलेले, आणि आदल्याच आठवड्यात मला म्हणालेले, "मॅडम, मत तुम्हालाच." गठ्ठ्यात ३१ पाकिटं होती. मी १९ मतांनी पडले. त्या रात्री झोप लागली नाही, आणि पडल्यापेक्षा त्या गठ्ठ्याचंच जास्त लागलं होतं.

आता आय-ट्रिपल-ईकडे बघा. १८८४ची एआयईई (विजेच्या इंजिनिअरांची) आणि १९१२ची आयआरई (रेडिओच्या इंजिनिअरांची) या दोन अमेरिकी संस्था १९६३ मध्ये एकत्र येऊन ही झाली. आज सदस्य चार लाखांच्या वर, आणि देश मोजायला बसलात तर दीडशेच्या पुढे. एवढ्या लोकांची निवडणूक ऑगस्टच्या मध्यापासून १ ऑक्टोबरपर्यंत चालते. लॉगिन करायचं, आपल्या वाट्याची पदं समोर येतात: प्रेसिडेंट-इलेक्ट (पुढच्या वर्षीचा अध्यक्ष), आपल्या भौगोलिक विभागाचं पद असेल तर ते, आणि ज्या सोसायट्यांचे (संस्थेतल्या विषयवार शाखांचे) आपण सदस्य त्यांची. प्रत्येक नावाखाली उमेदवाराची ओळख आणि निवेदन. जपानच्या प्राध्यापकाला जेवढी जागा, तेवढीच अमेरिकेतल्या कंपनीच्या माणसाला. संस्थेचा पैसा किंवा लेटरहेड प्रचाराला वापरता येत नाही. जेवणावळ घालायची म्हटली तरी जगभर कुठे कुठे घालणार? माणसाला लिहून सांगता आलं पाहिजे, बस्स. तोशिओ फुकुदा २०२० मध्ये अध्यक्ष झाले, आशियातून आलेले पहिले. त्या वर्षी मला फार बरं वाटलं होतं.

निवडून आलेला माणूस तीन वर्षांसाठी बांधला जातो: एक वर्ष प्रेसिडेंट-इलेक्ट, एक अध्यक्ष, एक माजी अध्यक्ष. पगार नाही. उभं राहणाऱ्याने घरच्यांशी आधी नीट बोलून घ्यावं, हे मी अनुभवाने सांगते.

संचालक मंडळ उमेदवार ठरवतं, पण सदस्यांच्या सह्या गोळा करूनही उभं राहता येतं, आणि ही वाट नुसती कागदावरची नाही. अर्विन फीर्स्ट नावाचे एक अमेरिकी इंजिनिअर १९७० आणि ८०च्या दशकांत नोकरदार इंजिनिअरांचे प्रश्न घेऊन याच वाटेने पुन्हा पुन्हा उभे राहिले. मंडळाच्या दोन उमेदवारांत मतं फुटून ते निवडून येतील अशी धास्ती पडली, तेव्हा पद्धतच बदलली: पसंत असतील तितक्या उमेदवारांना मत द्या. २००२ मध्ये ती मागे घेतली. एका माणसाच्या चिकाटीने मतमोजणीचा नियम हलावा, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

उणी बाजूही सांगते. मतदान बहुतेक वर्षी २० टक्क्यांच्याही खाली राहतं. आपल्याकडे इंजिनिअरिंग कॉलेजांमधून विद्यार्थी सदस्य भरपूर, पण पदवीच्या मुलांना मत नाही, त्यांची सहीही धरत नाहीत. आणि निवेदनं! निम्मी एकाच साच्यातली. 'मूल्य', 'सहभाग', 'भविष्य'. अरे बाबा, उद्योगातल्या इंजिनिअराने वर्गणी का भरत राहावी, ते सांग ना! माझं मत त्यालाच जातं.

मुदत १ ऑक्टोबरला आपल्याकडच्या रात्री साडेनऊला संपते. गेल्या वेळी त्या रात्री आम्ही साइटवर होतो, रिले टेस्ट किट लावलेलं, कंट्रोल रूममधला पंखा बंद. टीममधला धाकटा इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, पासवर्डच आठवत नाहीये." नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. पासवर्ड बदलला, तो निवेदनं मोठ्याने वाचायला लागला, मी हातातली टेस्ट लीड तशीच धरून ऐकत राहिले. "कोणाला देऊ?" मी म्हटलं, "तुझं तू ठरव, पण तिन्ही वाचून." नऊ सव्वीसला त्याने बटण दाबलं.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो निवेदनांसाठी.

आमच्या संघटनेची निवडणूक या डिसेंबरात आहे आणि मी पुन्हा अर्ज भरतेय. निवडणूक अधिकाऱ्यांना पत्र दिलंय: प्रत्येक उमेदवाराचं एक पान मतपत्रिकेच्याच पाकिटात जावं, आणि पाकिटं निघायच्या आधी मतदारांचे पत्ते फोन करून तपासावेत. फोन करायला मी माणसं देते, असंही लिहिलंय. उत्तर अजून आलेलं नाही. सोमवारी जाऊन विचारणार आहे.