रात्रीच्या सागरी युद्धाची दोन चित्रे : वाचनालयाच्या भिंतीसाठी कोणते घ्यावे?

बेळगाव, खानापूर किंवा निपाणी भागातील एखाद्या वाचनालयाला रात्रीच्या सागरी लढाईच्या चित्राची मोठी छापील प्रत लावायची असेल, तर माझ्या मते दोन चित्रांचा गंभीरपणे विचार करावा. एक रशियन चित्रकार इव्हान आयवाझोव्स्की यांचे १८४८ चे ‘चेस्मेची लढाई’ आणि दुसरे इंग्रज चित्रकार जॉर्ज आर्नल्ड यांचे ‘नाईलच्या लढाईत लोरिआँचा विनाश’, जे १८२५ ते १८२७ या काळात रंगवले गेले. दोन्हींत जळणारी जहाजे आणि काळोखातला समुद्र आहे. परंतु दोघांनी रात्र निरनिराळ्या रीतीने पाहिली आहे.

आर्नल्ड यांनी एकच क्षण पकडला आहे. १ ऑगस्ट १७९८ रोजी, इजिप्तच्या अबुकीर उपसागरात ब्रिटिश आणि फ्रेंच आरमारांत झालेल्या या नाईलच्या लढाईत, रात्री दहाच्या सुमारास फ्रेंचांच्या १२० तोफांच्या लोरिआँ या जहाजाच्या दारूकोठाराला आग पोहोचली आणि ते फुटले. हा स्फोट इतका भयंकर होता की दोन्ही बाजूंच्या तोफा काही मिनिटे थंडावल्या. चित्रातला जवळजवळ सगळा प्रकाश त्या स्फोटातून येतो, त्यामुळे आजूबाजूच्या डोलकाठ्या आणि दोरखंड काळ्या रेषांसारखे उठून दिसतात. पुढच्या भागात होड्यांतील माणसे बुडणाऱ्यांना वर ओढत आहेत, आणि माझी नजर स्फोटापेक्षा तिथेच जास्त वेळ थांबते. हे चित्र आडवे आहे. त्याला लांब, मोकळी भिंत आणि मागे सरकून पाहण्याइतकी जागा लागते.

आयवाझोव्स्की यांच्या चित्राची बांधणी अधिक गुंतागुंतीची आहे. जुलै १७७० मध्ये, आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरील चेस्मेच्या उपसागरात, रशियन आरमाराने ज्वालाग्राही पदार्थांनी भरलेली जहाजे सोडून उपसागरात अडकलेला ऑटोमन ताफा जवळजवळ संपूर्ण जाळून टाकला. येथे प्रकाश दोन आहेत : खाली आगीचा तांबडा-पिवळा आणि वर धुरातून वाट काढणारा चंद्राचा थंड प्रकाश. या दोहोंमधला धूर कुठे तांबूस, कुठे राखी होत जातो आणि आगीची झळाळी पाण्यावर हेलकावत राहते. क्रिमियातील फिओदोसिया या बंदरात जन्मलेले आयवाझोव्स्की समुद्र बव्हंशी स्मरणातून रंगवत, कारण लाटेची हालचाल समोर बसून टिपता येत नाही, असे त्यांचे मत होते. या पाण्यात ते पटते. आर्नल्ड यांचा स्फोट एका दृष्टिक्षेपात कळतो, तर चेस्मेची आग बराच वेळ जळत आहे असे वाटत राहते. रोज येणाऱ्या वाचकांसाठी मी निःसंकोच चेस्मे निवडेन, शिवाय त्याचा आकार जवळपास चौकोनी असल्यामुळे ते दोन कपाटांच्या मधल्या भिंतीवरही नीट बसते.

अर्थात निवड खोलीच्या उजेडावरही अवलंबून आहे. पावसाळ्यात आपल्याकडे दिवसाही दिवे लावावे लागतात, आणि अंधाऱ्या चित्रावर चकचकीत काच असली की त्यात ट्यूबलाइटच दिसते. म्हणून दोन्हींपैकी कोणतेही घेतले तरी छपाई मॅट कॅनव्हासवर करून घ्यावी. आधी लहान नमुना छापून पाहावा, कारण छपाईत गडद छटा एकमेकींत मिसळतात. त्यात आर्नल्ड यांचे नुकसान कमी होते, मात्र चेस्मेचा धूर सपाट काळा झाला तर चित्राचा प्राणच जातो. पश्चिमेकडची, पावसाच्या झडीची भिंत टाळावी आणि चौकटीमागे हवा खेळेल इतके अंतर ठेवावे.

प्रत विकत न घेता स्थानिक चित्रकाराकडून तैलरंगात नक्कल करून घ्यायची असेल, तर आर्नल्ड यांच्या चित्रात रेखाटनाचा कस लागतो आणि चेस्मेमध्ये पातळ, पारदर्शक थरांचा. खालचा थर नीट वाळल्याशिवाय वरचा देता येत नाही, आणि बेळगावच्या पावसाळी हवेत तैलरंग वाळायला फार वेळ घेतात; त्यामुळे चेस्मेचे काम दसऱ्यानंतरच सुरू करायला सांगावे.