पट्टी की किट? खेळाडूच्या तोलाची चाचणी निवडताना

कबड्डीतला टो टच आठवा. सगळा भार एका पायावर, गुडघा वाकलेला, दुसरा पाय लांबवून बचावपटूला बोट लावायचं आणि तोल न जाता मागे यायचं. तोलाच्या चाचणीत नेमकं हेच मोजतात, फक्त समोर कोणी पकडायला नसतं. हंगामाआधी खेळाडूंच्या दुखापतीचा धोका तपासायचं मनावर घेतलेले प्रशिक्षक मला हमखास विचारतात, जमिनीवर पट्ट्या चिकटवून स्टार एक्स्कर्शन चाचणी घेऊ, की वाय बॅलन्सचं तयार किट आणू?

दोन्हींचं मूळ एकच. स्टारमध्ये ४५-४५ अंशांवर आठ दिशा. आठही दिशांना पाय लांबवून खेळाडू दमतो आणि बऱ्याच दिशा तीच ती माहिती देतात, हे लक्षात आल्यावर तीनच ठेवल्या गेल्या : पुढची, मागची आतल्या बाजूची आणि मागची बाहेरच्या बाजूची. किटमध्ये याच तीन दिशांना नळ्या असतात, मधोमध उभं राहायची पाटी आणि पायाने ढकलायचे ठोकळे.

खरा फरक मोजण्यात आहे. पट्टीवर खेळाडूने अंगठा हलकेच टेकवायचा आणि आपण त्याच क्षणी नजरेने जागा पकडायची. इथेच गडबड होते. थकलेला मुलगा टेकवताना नकळत पायावर भार देतो, आपली नजर क्षणभर उशिरा पोचते आणि दोन-तीन सेंटिमीटर इकडचे तिकडे होतात. शोधायचा फरकच तेवढा असताना ही चूक परवडत नाही. किटमध्ये ठोकळा जिथे थांबला तिथे थांबतो, वाकून सावकाश आकडा वाचायचा. मात्र शेवटच्या बोटभर अंतरासाठी मुलं ठोकळ्याला हळूच लाथ मारतात. ती फेरी बाद धरायची, कितीही विनवण्या केल्या तरी.

एक गोष्ट फार जणांच्या नजरेतून सुटते. पुढच्या दिशेला तोच खेळाडू पट्टीवर जास्त लांब पोचतो, किटवर कमी. २०१२ साली दोन्ही चाचण्या शेजारी-शेजारी घेऊन हे तपासलं गेलं, मागच्या दोन दिशांत तसा फरक आढळला नाही. तेव्हा या वर्षी पट्टी आणि पुढच्या वर्षी किट असं केलंत, तर दोन्ही वर्षांचे आकडे एका वहीत मांडू नका.

उजव्या-डाव्या पायात पुढच्या दिशेला ४ सेंटिमीटरहून जास्त फरक म्हणजे धोका, हा सगळीकडे सांगितला जाणारा नियम पट्टीवरच्या चाचणीतून आला आहे. २००६ साली फिलिप प्लिस्की आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या शाळकरी बास्केटबॉलपटूंवर तो अभ्यास केला. असा फरक असलेल्यांना पायाच्या दुखापतीची शक्यता अडीच पट निघाली आणि ज्या मुलींची एकूण पोच (म्हणजे तिन्ही दिशांची सरासरी) पायाच्या लांबीच्या ९४ टक्क्यांहून कमी होती त्यांना साडेसहा पट. पुढे महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलपटूंत हीच सीमा ८९.६ टक्के निघाली. खेळ बदलला की सीमा बदलते, म्हणून बास्केटबॉलचा आकडा खो-खोच्या मुलींना जसाच्या तसा लावू नये.

पट्टी निवडलीत तर कोन नीट काढा. मागच्या दोन पट्ट्यांमध्ये काटकोन हवा. गवंड्याचा गुण्या मिळाला तर उत्तम, नाहीतर एका पट्टीवर ६० सेंटिमीटर, दुसरीवर ८० आणि त्या दोन खुणांमध्ये बरोबर १०० आलं की काटकोन झाला. त्याला मधोमध दुभागणारी रेघ उलट बाजूला वाढवली की पुढची दिशा मिळते. पायाची लांबी कमरेच्या पुढच्या उंचवट्याच्या हाडापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत मोजायची. तिन्ही दिशांच्या पोचेची बेरीज भागिले लांबीची तिप्पट, गुणिले शंभर. समजा लांबी ९० आणि पोच ६०, ९८, ९४. बेरीज २५२, भागिले २७०, म्हणजे ९३ टक्क्यांच्या थोडं वर. मोजण्याआधी चार ते सहा सरावफेऱ्या द्या, नाहीतर तुम्ही तोलाऐवजी नवखेपणा मोजाल. हात कमरेवर की मोकळे, टाच उचललेली चालेल की नाही, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.

डोळे मिटून एका पायावर उभं राहण्याची चाचणी फुकट आणि झटपट होते, पण पाय लांबवताना गुडघा आणि नितंब काय करतात ते तिच्यात दिसत नाही. स्थिर उभं राहताना तोल ढळण्याच्या चुका मोजणारी बेस चाचणी मुख्यतः डोक्याला मार लागल्यानंतरच्या तपासणीसाठी वापरतात. तिला या स्पर्धेत ओढू नये.

माझा कौल असा : एकच प्रशिक्षक, वीस-पंचवीस मुलं आणि दरवेळी मोजणारा तोच माणूस असेल तर पट्टी पुरते. अकादमीत माणसं बदलत असतील, शंभरावर खेळाडू असतील, तर किटचे पैसे वसूल होतात.

पण कोणतीही निवडलीत तरी आकड्यावरून कुणाला संघाबाहेर बसवू नका, हे मी हात जोडून सांगते. एका निवड शिबिरात पाच सेंटिमीटरच्या फरकापायी एका चांगल्या चढाईपटूला बसवलेलं मी पाहिलं आहे. नॉर्वेचे क्रीडावैद्यक संशोधक रोआल्ड बार यांनी २०१६ मध्ये स्पष्ट दाखवून दिलं, की दुखापत झालेल्यांचे आणि न झालेल्यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की अशा चाचणीवरून एकट्या खेळाडूचं भाकीत करता येत नाही. तोलाचे व्यायाम सगळ्या संघालाच द्यायचे, आकडा फक्त कुठे बघायचं ते सांगतो.

पुढच्या दिशेला फरक निघाला की मी आधी भिंतीशी जाते. टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायला सांगायचा, तसं करत पाय जेवढा मागे नेता येईल तेवढा नेऊन अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजायचं. जुन्या मुरगळीनंतर आखडलेला घोटा इथे लगेच सापडतो. मग सुरुवात तोलाच्या व्यायामाने नाही, त्या घोट्यापासून करायची.