स्पॅनिश उच्चार ऐकायचे कुठे? फोर्वो, यूग्लिश, स्पॅनिशडिक्ट की सरळ ट्रान्सलेट

स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी माणसाची निम्मी वाट आयतीच झालेली असते. त, द, प, क हे तिथे जवळपास आपल्यासारखेच आहेत: त-द म्हणताना जीभ दातांना टेकते, आणि या कुठल्याच वर्णाबरोबर श्वासाचा झोत बाहेर पडत नाही. इंग्रजीवर वाढलेल्या विद्यार्थ्याला हे महिनोन्महिने घोटावं लागतं. स्वर पाचच, त्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. मग अडतं कुठे? आघात, दुहेरी र, ब-व, घशातून घासून येणारा ख़ आणि स्पेनमधला तो जीभ दातांत धरून काढलेला स. ॲप किंवा संकेतस्थळ निवडताना एवढंच तपासावं, बाकीच्या सोयी नंतर.

यातला आघात आपल्याला सर्वांत जास्त फसवतो, कारण मराठीत शब्दाच्या कुठल्या अक्षरावर जोर दिला यावरून सहसा अर्थ बदलत नाही. स्पॅनिशमध्ये बदलतो. 'तेर्मिनो' हा शब्द घ्या. जोर 'तेर्'वर असेल तर मुदत किंवा संज्ञा, 'मि'वर असेल तर 'मी संपवतो', 'नो'वर असेल तर 'त्याने संपवलं'. देवनागरीत तिन्ही सारखेच दिसतात, म्हणून वहीत देवनागरीत उच्चार लिहून पाठ करण्याची आपली सवय इथे कामाची नाही. कान लागतो. खाली ज्या साधनांबद्दल लिहिलंय त्या प्रत्येकाला मी हेच तीन शब्द आणि 'पेरो' (पण) व 'पेर्रो' (कुत्रा) ही जोडी घालून बघते.

त्याआधी एक निर्णय मात्र तुमचा तुम्हालाच घ्यावा लागेल: कुठली स्पॅनिश? माद्रिदमध्ये 'ग्रासियास'मधला (धन्यवाद) पहिला स जीभ दातांमध्ये ठेवून फुंकरीसारखा येतो (आपला थ नव्हे, थ म्हणताना आपण हवा आधी अडवतो आणि मग सोडतो). मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत तो साधा स असतो. रस्त्याला बहुतेक ठिकाणी 'काये' म्हणतात, ब्वेनोस आयरेसमध्ये 'काशे'. क्युबा, पोर्तो रिको या कॅरिबियन भागात आणि स्पेनच्या अंदालुसियात शब्दाच्या शेवटचा स पुष्कळदा ह होतो किंवा गळूनच पडतो. यातलं चूक काहीच नाही. पण आवाज कुठल्या गावचा हे जे साधन सांगत नाही, ते नवशिक्याला गोंधळात टाकतं.

फोर्वो आणि स्पॅनिशडिक्ट: एकेका शब्दासाठी

फोर्वो 2008 पासून चालू आहे, आणि त्याचा जन्मही स्पेनमधलाच. माणसांनी आपापल्या आवाजात म्हटलेल्या शब्दांचा हा साठा. प्रत्येक ध्वनिमुद्रणाशेजारी बोलणारा पुरुष की स्त्री आणि कुठल्या देशातला हे लिहिलेलं असतं, ऐकणारे बरं-वाईट मतही देतात. 'काये'चं पान उघडलं की स्पेन, मेक्सिको, अर्जेंटिना असे वेगवेगळे आवाज एकापाठोपाठ ऐकता येतात. वर सांगितलेला फरक कुठल्याही पुस्तकापेक्षा इथे लवकर कळतो. शब्द सापडला नाही तर कुणीतरी म्हणून दाखवावा अशी विनंती टाकता येते.

खोट दोन ठिकाणी आहे. एक, ही हौशी मंडळींची कामगिरी आहे, त्यामुळे कुठे पंख्याची घरघर, कुठे शाळेतल्या कविता-पाठांतरासारखा ठासून म्हटलेला शब्द. सुटा शब्द म्हणताना माणूस नकळत जास्त स्पष्ट बोलतो, वाक्यात तो तसा बोलत नाही. दोन, 'कासा'सारखा (घर) शब्द पोर्तुगीज, इटालियन आणि कॅटलानमध्येही त्याच स्पेलिंगने आहे आणि हे सगळे आवाज एकाच पानावर असतात. स्पॅनिशचं शीर्षक बघूनच बटण दाबा. घरात पोर्तुगीज ऐकत वाढलेल्या गोव्याच्या वाचकांना हे जरा जास्तच सांभाळावं लागेल, कारण ओळखीचा आवाज कानाला लगेच बरोबर वाटतो.

स्पॅनिशडिक्ट हा मुळात इंग्रजी-स्पॅनिश शब्दकोश आहे. अनेक शब्दांना बोलणाऱ्याचा छोटा व्हिडिओ असतो, त्यात ओठ दिसतात. लॅटिन अमेरिका आणि स्पेन असे दोन पर्याय, आणि शब्द अक्षरं पाडून दाखवलेला. सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत मी फोर्वोपेक्षा हेच सुचवेन. अर्थ, क्रियापदाची रूपं आणि आवाज एकाच ठिकाणी मिळतात, आणि ओठ दिसण्याचा फायदा ब-व साठी मोठा आहे. स्पॅनिशमध्ये लिहिताना बी आणि व्ही वेगळे, बोलताना एकच. शब्दाच्या सुरुवातीला ओठ मिटतात, म्हणून व्हीने लिहिली तरी गाय ती 'बाका'. दोन स्वरांच्या मध्ये ते नुसते जवळ येतात, मिटत नाहीत. हे ऐकून पटकन उमगत नाही, पाहून उमगतं. मात्र सगळी मांडणी इंग्रजीतून आहे, आणि लॅटिन अमेरिका म्हणजे एकच उच्चार असा समज तिथून घेऊन बाहेर पडू नका.

यंत्राचा आवाज इतका वाईट नाही

गूगल ट्रान्सलेटच्या आवाजाला नाकं मुरडण्याची फॅशन आहे. इंग्रजीपुरती तिला थोडाफार आधार असेलही, स्पॅनिशला ती तितकीशी लागू नाही. स्पॅनिश लेखन उच्चाराशी इतकं बांधलेलं आहे की लिहिलेलं पाहून उच्चार आणि आघात दोन्ही नियमाने काढता येतात, आणि नियम पाळण्यात यंत्र माणसापेक्षा काकणभर सरसच असतं. अडखळतं ते परकी नावं आणि मध्येच घुसलेले इंग्रजी शब्द आले की.

पण ते तुम्ही लिहिलेलंच वाचतं. आघातचिन्ह (जोर दाखवणारी स्वरावरची तिरकी रेघ) न देता 'तेर्मिनो' टाइप केलंत तर तिन्ही वेळा 'मी संपवतो' हेच ऐकू येईल, आणि दोष यंत्राचा नसेल. फोनवर स्पॅनिश कीबोर्ड घालून घ्या, ते दोन मिनिटांचं काम आहे. ऐकण्याचं बटण दुसऱ्यांदा दाबलं की तेच वाक्य सावकाश ऐकू येतं. स्वतः लिहिलेला परिच्छेद किंवा मुलाखतीची तयारी केलेली उत्तरं वाचून घ्यायला याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही, कारण तुमची वाक्यं फोर्वोवर सापडणार नाहीत.

यूग्लिश: वाक्यातला शब्द

शब्द टाकला की यूट्यूबवरच्या व्हिडिओंमधली नेमकी तो शब्द येणारी जागा यूग्लिश एकामागून एक वाजवत जातं. स्पॅनिशसाठी देश-प्रदेशाची चाळणी लावता येते, वेग कमी करता येतो, खाली मजकूर दिसतो. माझ्या मते खरा अभ्यास इथे सुरू होतो. 'बा आ आसेर' (तो करणार आहे) हे लिहिताना तीन शब्द. घाईत बोलताना लॅटिन अमेरिकेत त्याचं 'बासेर' होतं. शब्दकोशातले तीन सुटे उच्चार पाठ असलेला माणूस हे ऐकून गोंधळतो, कारण त्याच्या ओळखीचा एकही शब्द त्यात नसतो.

'नादा'मधला (काहीच नाही) द इथे किती सैल, जवळजवळ हवेत विरणारा आहे, हेही कळतं. आपण तो आपल्या 'दादा'सारखा घट्ट म्हणतो. समजायला अडचण नाही, पण परकेपणा लगेच दिसतो.

त्रुटी अशी की शोध मजकुरावर चालतो, आणि मजकूर चुकला तर जागाही चुकते. शिवाय बोलणारा मूळचा स्पॅनिशभाषक असेलच असं नाही. एकाच क्लिपवर भरवसा ठेवू नका, चार-पाच ऐका.

दुहेरी र साठी मात्र कितीही ऐकलं तरी भागत नाही, जिभेचं काय करायचं ते कुणीतरी दाखवावं लागतं. आयोवा विद्यापीठाचं 'साउंड्स ऑफ स्पीच' तोंडाच्या आतली आकृती हलती करून दाखवतं. स्पॅनिशचा प्रत्येक ध्वनी, जीभ कुठे, हवा कुठून. रुक्ष आहे, पण 'पेर्रो' अडला असेल तर तिथेच जा.

स्वतःचा उच्चार तपासणारी ॲप

हिरवी खूण देऊन शाबासकी देणाऱ्या ॲपवर विसंबू नका. आवाज ओळखणारं यंत्र अंदाजाने शब्द पुरा करतं, समोर काय अपेक्षित आहे हे त्याला बहुधा आधीच ठाऊक असतं, त्यामुळे ते उदार असतं. त्यापेक्षा फोनचं बोलून-टंकन (व्हॉइस टायपिंग) स्पॅनिशवर ठेवा आणि मागेपुढे काहीही न जोडता नुसतं 'पेर्रो' म्हणा. 'पेरो' उमटलं तर जीभ अजून नीट थरथरत नाही. तीच गोष्ट 'काबायो' (घोडा) आणि 'काबेयो' (केस) यांची, घाईत आपल्याकडून हे दोन्ही एकसारखे निघतात.

मग घ्यायचं काय

नुकतीच सुरुवात असेल तर स्पॅनिशडिक्ट आणि ट्रान्सलेट, दोन्ही फुकट वापरता येतात, तेवढं पुरे. पैसे भरून उच्चाराचा वेगळा अभ्यासक्रम या टप्प्यावर घेऊ नका. वर्षभर झालं असेल आणि वाचता येतं पण ऐकून कळत नाही अशी तक्रार असेल, तर यूग्लिश रोज थोडं, आणि अडलेला शब्द फोर्वोवर.

नोकरीसाठी शिकत असाल आणि ग्राहक मेक्सिकोतले असतील, तर सगळीकडे तोच देश निवडून ठेवा. स्पेनचा स शिकण्यात वेळ घालवू नका. परीक्षेचं वेगळं. सिएले ही स्पॅनिशची पातळी ठरवणारी परीक्षा इन्स्तितुतो सेर्वान्तेस या स्पेनच्या सरकारी भाषासंस्थेबरोबर स्पेनमधलं सालामांका विद्यापीठ, मेक्सिकोचं राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठ आणि ब्वेनोस आयरेस विद्यापीठ मिळून घेतात, त्यामुळे ऐकण्याच्या भागात एकाच देशाचे आवाज येतील असं धरून चालू नका. त्या तयारीत बोलताना एकच उच्चार धरा. ऐकताना यूग्लिशची चाळणी काढून टाका, आणि सेर्वान्तेसच्याच 'कातालोगो दे बोसेस इस्पानिकास' या संग्रहात वेगवेगळ्या देशांतल्या माणसांचं बोलणं फुकट ऐका.